डिसेबल केलेला प्रोग्रॅम पुन्हा का उघडतो आणि हवा तो का उघडत नाही

तुमच्या प्रश्नात चार तक्रारी आहेत. चॅटचं ॲप टास्क मॅनेजरमध्ये डिसेबल केलं तरी लॅपटॉप चालू केला की कधी कधी पुन्हा उघडतं. बॅकअपचा प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा म्हणून स्टार्टअप फोल्डरमध्ये शॉर्टकट ठेवलात, तर तो सुरूच होत नाही. रोज लॉगिन झाल्यावर 'मॉड्यूल सापडलं नाही' असा एक मेसेज येतो. आणि स्टार्टअपच्या यादीत नुसतं 'प्रोग्रॅम' एवढंच नाव असलेली, आयकॉन नसलेली एक नोंद आहे, ती तुम्हाला व्हायरस वाटतेय. या सगळ्याला वैतागून तुम्ही विचारलंय की विंडोज ११ फॉरमॅट करून नव्याने टाकू का.

फॉरमॅटचं शेवटी बघू. या चारही तक्रारी एकाच वेळी दिसतात म्हणून त्या एकाच बिघाडाच्या वाटतात, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. मात्र चारही ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो: हा प्रोग्रॅम सुरू कोण करतंय? बहुतेक लोक या प्रश्नाचं उत्तर न शोधताच बंद करायच्या मागे लागतात. दिसेल ते बटण ऑफ करतात, रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज जिथे नोंदवतात ती जागा) साफ करणारं एखादं सॉफ्टवेअर चालवतात, आणि मग नेमकं कशामुळे काय बदललं हे कुणालाच सांगता येत नाही. माझं काम ऑफिसांमधले कॉम्प्युटर सांभाळण्याचं आहे, आणि असं 'साफ' केलेलं मशीन दुरुस्त करायला नुसत्या बिघडलेल्या मशीनपेक्षा नेहमीच जास्त वेळ लागतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर काही प्रोग्रॅम कंपनीच्या पॉलिसीने सुरू होतात आणि तुम्ही बंद केले तरी पुढच्या वेळी परत चालू केले जातात. त्यात हात घालू नका, तुमच्या आयटी विभागाला सांगा. लॅपटॉप स्वतःचा असेल पण तुमचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं नसेल, तर खालच्या अर्ध्या गोष्टी तुम्हाला करता येणार नाहीत. आणि एकाच मशीनवर दोन-तीन जणांची खाती असतील, तर तक्रार सगळ्यांच्या लॉगिनला येते की फक्त तुमच्या, हे आधी बघून ठेवा. फक्त तुमच्याच खात्यात येत असेल, तर शोधायची जागा एकदम निम्मी होते.

आता सुरू होण्याचा क्रम बघू. तो कळला की बाकीचं सोपं जातं. तुम्ही पासवर्ड किंवा पिन टाकण्याच्या आधीच विंडोजच्या सर्व्हिसेस (खिडकी न दाखवता मागे चालणारे प्रोग्रॅम) सुरू झालेल्या असतात. अँटिव्हायरस, प्रिंटर, अपडेट करणारे प्रोग्रॅम बहुधा इथे असतात. काही सर्व्हिसेस 'डिलेड स्टार्ट' लावलेल्या असतात, त्या मुद्दाम उशिराने, नेहमीच्या सेटिंगमध्ये सुमारे दोन मिनिटांनी सुरू होतात. तुम्ही लॉगिन केलंत की एक्सप्लोरर येतो, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार. मग तो रजिस्ट्रीतल्या 'रन' नावाच्या कप्प्यातल्या नोंदी आणि स्टार्टअप फोल्डरमधले शॉर्टकट वाचतो. 'रन' कप्पा एक तुमच्या खात्यापुरता असतो, एक सगळ्या खात्यांसाठी, आणि ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅमसाठी आणखी एक. स्टार्टअप फोल्डरही दोन, एक तुमचा आणि एक सगळ्यांचा. या सगळ्याला समांतर टास्क शेड्युलर (ठरवून दिलेली कामं ठरलेल्या अटीवर सुरू करणारी विंडोजची सोय) चालू असतो आणि 'लॉग ऑन झाल्यावर' अशी अट असलेली कामं तो आपल्या हिशोबाने सुरू करतो. शिवाय स्टोअरमधून घेतलेल्या ॲप्सची नोंद आणखी वेगळ्या जागी असते.

टास्क मॅनेजरची 'स्टार्टअप ॲप्स' ही यादी यातला एकच भाग दाखवते: रनच्या नोंदी, स्टार्टअप फोल्डर आणि स्टोअरची ॲप्स. सर्व्हिसेस आणि टास्क शेड्युलर त्यात येत नाहीत. म्हणजे तिथे डिसेबल करणं हे पुढच्या दाराला कडी घालण्यासारखं आहे, मागचं दार उघडं असेल तर ॲप तिथून येणारच. विंडोजच्या सेटिंग्जमधल्या 'ॲप्स' खाली जी 'स्टार्टअप' यादी आहे, तिचीही हीच मर्यादा आहे.

मग कोण सुरू करतंय हे कसं ओळखायचं? मी यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातली दोन साधनं वापरते: चालू असलेले प्रोग्रॅम दाखवणारा प्रोसेस एक्सप्लोरर आणि आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या नोंदी दाखवणारा ऑटोरन्स. हा संच मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी सुरू केला, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला, आणि आजही तो मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मोफत मिळतो. तिथूनच घ्या. त्याच नावाने दुसऱ्या साइट्सवर मिळणाऱ्या फाइल्स उतरवू नका.

लॅपटॉप रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करू नका, रीस्टार्टच करा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर तुमचं लॉगिन बंद होतं, पण विंडोजचा गाभा आणि सर्व्हिसेसची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. त्यामुळे तुम्ही केलेल्या बदलाचा परिणाम नीट कळत नाही. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तपासणी करताना प्रत्येक वेळी रीस्टार्टच.

नको असलेलं ॲप उघडलं की प्रोसेस एक्सप्लोरर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. त्यात प्रोसेसेस (चालू असलेले प्रोग्रॅम) झाडासारख्या दिसतात, म्हणजे कुणी कुणाला जन्म दिला ते दिसतं. तुमचं ॲप एक्सप्लोररच्या खाली दिसलं, तर ते रन कप्प्यातून किंवा स्टार्टअप फोल्डरमधून आलंय. 'सर्व्हिसहोस्ट'च्या (यादीत 'एसव्हीसीहोस्ट' असं दिसणारी, सर्व्हिसेस चालवणारी विंडोजची प्रोसेस) खाली दिसलं, तर त्या सर्व्हिसहोस्टवर माउस नेऊन थांबा, आत कुठली सर्व्हिस आहे ते दिसेल. तिथे 'शेड्यूल' असेल तर काम टास्क शेड्युलरचं आहे. ॲप 'सर्व्हिसेस' या प्रोसेसच्या थेट खाली असेल, तर ते स्वतःच सर्व्हिस म्हणून नोंदलेलं आहे. आणि ते दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमच्या खाली, उदाहरणार्थ त्याच कंपनीच्या अपडेटरच्या खाली असेल, तर खरा शोध त्या अपडेटरचा घ्यायचा. आता ॲपच्या नावावर डबल क्लिक करा. 'इमेज' या टॅबमध्ये 'कमांड लाइन' आणि त्याच्या खाली 'ऑटोस्टार्ट लोकेशन' अशी ओळ असते. बऱ्याच वेळा तिथे नोंदीचा पूर्ण पत्ताच लिहिलेला असतो आणि बाजूच्या 'एक्सप्लोर' बटणाने थेट त्या जागेवर जाता येतं. तासभराचा शोध या एका ओळीने वाचतो.

कधी कधी ॲप झाडात एकटंच, कुणाच्याही खाली नसलेलं दिसतं. याचा अर्थ त्याला सुरू करणारा प्रोग्रॅम काम संपवून बंद झाला. अशा वेळी त्याच संचातला प्रोसेस मॉनिटर 'बूट लॉगिंग' चालू करून रीस्टार्ट करावा लागतो. त्याच्या प्रोसेस ट्रीमध्ये बंद झालेल्या प्रोसेसेसही दिसतात. पण तिथपर्यंत जायची वेळ क्वचित येते.

आता तुमच्या चॅट ॲपकडे वळू. टास्क मॅनेजरमध्ये डिसेबल केलं की विंडोज ती नोंद पुसत नाही. नोंद आहे तिथेच राहते, आणि 'ही चालवू नकोस' अशी खूण रजिस्ट्रीत वेगळ्या जागी, 'स्टार्टअप अप्रूव्हड' या कप्प्यात ठेवली जाते. ही खूण नोंदीच्या नावाशी बांधलेली असते. ॲपने अपडेटच्या वेळी थोड्या वेगळ्या नावाने नवी नोंद टाकली, तर जुनी खूण तिला लागू होत नाही आणि ॲप पुन्हा उघडू लागतं. तुम्हाला वाटतं आपलं डिसेबल केलेलं कुणीतरी परत चालू केलं. प्रत्यक्षात ती दुसरीच नोंद असते.

म्हणून माझा क्रम असा असतो. सगळ्यात आधी त्या ॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'कॉम्प्युटर सुरू झाल्यावर उघडा' ही खूण काढायची. ॲपला स्वतःला 'उघडू नकोस' असं सांगितलं असेल, तर अपडेटनंतरही ते बहुधा ऐकतं. नुसतं बाहेरून अडवलं तर ते प्रत्येक अपडेटला आपली नोंद दुरुस्त करायला बघतं. त्यानंतर टास्क मॅनेजर. त्यानंतरही आलं, तर प्रोसेस एक्सप्लोररने सांगितलेली जागा.

तुमच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. तुम्ही लिहिलंय की ॲप 'कधी उघडतं, कधी नाही'. रन कप्प्यातली नोंद असं करत नाही, ती रोज चालते. तेव्हा सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', मग 'साइन-इन ऑप्शन्स' उघडा आणि खाली जा. तिथे 'माझी पुन्हा सुरू होऊ शकणारी ॲप्स जपून ठेवा आणि साइन इन झाल्यावर पुन्हा सुरू करा' अशा अर्थाचा एक पर्याय आहे. तो चालू असेल, तर लॅपटॉप बंद करताना जे ॲप उघडं होतं ते पुढच्या वेळी विंडोज स्वतः उघडतं. स्टार्टअपच्या कुठल्याच यादीत याचा पत्ता लागत नाही, आणि म्हणूनच माणूस चक्रावतो. आदल्या दिवशी ॲप उघडं ठेवून लॅपटॉप बंद केला की दुसऱ्या दिवशी ते येतं, आधी ॲप बंद केलं तर येत नाही, असं होतंय का ते पडताळून बघा. होत असेल तर हा पर्याय ऑफ करा, तक्रार तिथेच संपेल.

ब्राउझरबद्दलही असंच. काही ब्राउझर खिडकी बंद केल्यावरही मागे चालू राहतात किंवा झटपट उघडता यावं म्हणून लॉगिनलाच अर्धवट सुरू होऊन बसतात. ते बंद करायची सोय ब्राउझरच्याच सेटिंग्जमध्ये, 'सिस्टम' या भागात असते.

दुसरी तक्रार उलटी आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. नको ते ॲप उघडलं तर फक्त त्रास होतो, पण बॅकअप सुरूच झाला नाही तर ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी हातात काही नसतं.

तुमच्या बॅकअपच्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर कोपऱ्यात निळी-पिवळी ढाल दिसते का बघा. ढाल असेल तर तो ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मागतो. हाताने उघडलात की विंडोज 'परवानगी द्यायची का?' विचारतं, तुम्ही हो म्हणता आणि तो चालतो. पण लॉगिनच्या वेळी असे अधिकार मागणारे प्रोग्रॅम रन कप्प्यात किंवा स्टार्टअप फोल्डरमध्ये असले, तर विंडोज ते बहुतेक वेळा गुपचूप वगळतं. एररही येत नाही. असे प्रोग्रॅम लॉगिनला अडवणं विंडोज व्हिस्टापासून आहे, आणि त्यामागचा विचार योग्य आहे: लॉगिन होताच कुठल्याही प्रोग्रॅमला आपोआप पूर्ण अधिकार मिळू नयेत.

त्याचा मार्ग टास्क शेड्युलर. तो उघडून उजवीकडे 'क्रिएट टास्क' निवडा. 'क्रिएट बेसिक टास्क' नको, त्यात हवे ते पर्याय सुरुवातीला दिसत नाहीत. पहिल्या टॅबमध्ये 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर खूण करा. 'रन ओन्ली व्हेन युजर इज लॉग्ड ऑन' हाच पर्याय राहू द्या. दुसरा निवडलात तर प्रोग्रॅम चालतो, पण तुमच्या डेस्कटॉपवर त्याची खिडकी दिसत नाही, आणि तुम्हाला वाटतं तो सुरूच झाला नाही. ट्रिगरमध्ये, म्हणजे काम कधी सुरू व्हायचं त्या अटीत, 'ॲट लॉग ऑन' निवडा आणि तिथेच 'डिले टास्क फॉर' मध्ये एक मिनिट द्या. 'ॲट स्टार्टअप' टाळा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउननंतरच्या सुरुवातीला हा ट्रिगर बऱ्याचदा उडतच नाही, फक्त रीस्टार्टला उडतो.

पुढचे तीन पर्याय लोक हमखास विसरतात, म्हणून त्यांच्यावर जरा थांबते. 'ॲक्शन्स'मध्ये प्रोग्रॅमचा पत्ता देता, त्याच्या खाली 'स्टार्ट इन' अशी रिकामी जागा असते. ती रिकामी राहिली तर काम विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधून सुरू होतं. प्रोग्रॅम स्वतःची सेटिंगची फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये शोधणारा असेल, तर त्याला ती सापडत नाही आणि तो लगेच बंद पडतो. तिथे प्रोग्रॅमच्या फोल्डरचा पत्ता लिहा. 'कंडिशन्स'मध्ये 'लॅपटॉप चार्जरवर असेल तरच सुरू करा' ही खूण नव्या टास्कला आपोआप लागलेली असते. बॅटरीवर लॅपटॉप चालू केलात की बॅकअप होत नाही, चार्जर लावून केलात की होतो, याचं कारण बहुधा हेच. ती काढा. आणि 'सेटिंग्ज'मध्ये 'तीन दिवसांपेक्षा जास्त चालल्यास थांबवा' अशी खूण असते. सतत मागे चालू राहणारा बॅकअपचा प्रोग्रॅम असेल आणि तुम्ही लॅपटॉप फक्त स्लीप करत असाल, तर चौथ्या दिवशी तो बंद पडलेला सापडेल. तीही काढा.

टास्क तयार झाल्यावर त्यावर राइट क्लिक करून 'रन' म्हणा आणि 'लास्ट रन रिझल्ट' बघा. ०एक्स० आलं तर काम व्यवस्थित झालं. ०एक्स४१३०१ आलं तर काम अजून चालू आहे, ती एरर नाही. ०एक्स२ आलं तर बहुतेक फाइलचा पत्ता चुकलाय. उजवीकडे 'एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी' हेही चालू करून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी टास्क कधी उडाला आणि का थांबला हे वाचता येईल.

ढाल नसेल आणि तरीही प्रोग्रॅम सुरू होत नसेल, तर तो कुठे ठेवलाय ते बघा. नेटवर्क ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर असेल, तर लॉगिनच्या क्षणी तो ड्राइव्ह अजून जोडलेला नसतो. तिथेही उपाय हाच, टास्क शेड्युलर आणि थोडा उशीर. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये बॅकअप घेणाऱ्यांनी तर एक मिनिटाऐवजी दोन-तीन मिनिटं द्यावीत, वायफाय जोडलं जायला तेवढा वेळ मिळतो.

तिसरी तक्रार, 'मॉड्यूल सापडलं नाही' हा मेसेज. त्याच्या वरच्या पट्टीत 'रनडीएलएल' असं लिहिलेलं असेल. याचा अर्थ एखादा प्रोग्रॅम अनइन्स्टॉल झाला किंवा अँटिव्हायरसने त्याची फाइल उचलली, पण ती फाइल सुरू करणारी नोंद मागे राहिली. विंडोज इमानाने रोज ती नोंद वाचतं, फाइल शोधतं आणि सापडली नाही म्हणून सांगतं. धोका या मेसेजमध्ये नाही. पण फाइल अँटिव्हायरसने काढली असेल, तर ती का काढली हे त्याच्या हिस्टरीत जाऊन नक्की वाचा.

ऑटोरन्स ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. 'एव्हरीथिंग' टॅबमध्ये सगळ्या जागा एकत्र दिसतात. ज्या नोंदीची फाइल जागेवर नाही ती पिवळ्या रंगात येते. मेसेजमध्ये फाइलचं जे नाव दिसतं ते वरच्या फिल्टरच्या जागेत टाइप करा, नोंद समोर येईल. तिच्यापुढची खूण काढा, डिलीट करू नका. खूण काढली की नोंद बाजूला ठेवली जाते आणि हवी तेव्हा परत लावता येते. रीस्टार्ट करा, मेसेज आला नाही तर काही दिवस तसंच वापरा आणि मग डिलीट करा. मात्र सगळ्या पिवळ्या ओळी दिसल्या म्हणून एका झटक्यात काढायला जाऊ नका. त्यातल्या काही वर्षानुवर्षं तशाच असतात आणि कुणाला त्रास देत नाहीत. आपण एका मेसेजच्या मागे आहोत, तेवढीच नोंद काढायची.

इथे एक लक्षात ठेवा. ऑटोरन्समधून काढलेली रनची नोंद नंतर टास्क मॅनेजरच्या यादीत दिसत नाही, कारण ती मूळ जागेवरून हलवलेली असते. दोन्हीकडे आलटून-पालटून बदल करत राहिलात तर काय कुठे बंद केलं याचा पत्ता लागत नाही. एक साधन ठरवा आणि केलेला प्रत्येक बदल वहीत लिहा.

चौथी तक्रार त्या 'प्रोग्रॅम' नावाच्या नोंदीची. ती बघून पुष्कळ जण घाबरतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करा आणि 'कमांड लाइन' हा कॉलम लावा. तुम्हाला बहुधा 'सी' ड्राइव्हवरच्या 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरपासून सुरू होणारा लांब पत्ता दिसेल, आणि त्याला अवतरणचिन्हं नसतील. 'प्रोग्रॅम फाइल्स' या नावात मधे स्पेस आहे. पत्ता अवतरणचिन्हात नसला की स्पेसच्या आधीचा भाग म्हणजे फाइलचं नाव आणि नंतरचा भाग म्हणजे तिला दिलेल्या सूचना, असाही त्याचा अर्थ लावता येतो. मूळ प्रोग्रॅम अनइन्स्टॉल झालेला असला, तर खरी फाइल सापडत नाही, आणि यादीत उरतं फक्त स्पेसच्या आधीचं 'प्रोग्रॅम'. म्हणजे ही बहुतेक वेळा काढून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरची राहिलेली नोंद असते. कमांड लाइनमध्ये ते कुठलं सॉफ्टवेअर होतं हे वाचता येतं. ओळखीचं निघालं तर नोंद बिनधास्त डिसेबल करा.

खरा संशय कधी घ्यायचा? पत्ता 'टेम्प' फोल्डरमधला असेल, नाव अक्षरांचं अर्थहीन कडबोळं असेल, किंवा नाव विंडोजच्या एखाद्या प्रोसेसचं पण फाइल तिच्या नेहमीच्या जागी (बहुतेकांची सिस्टम३२, एक्सप्लोररची 'विंडोज' फोल्डर) नसेल, तेव्हा. 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये असणं एवढ्यानेच काही वाईट ठरत नाही, कितीतरी चांगली ॲप्स तिथेच इन्स्टॉल होतात. ऑटोरन्सच्या पर्यायांत डिजिटल सही (फाइल कुणी बनवली याचा पुरावा) तपासायची सोय आहे, ती चालू केली की सही न पटलेल्या नोंदी गुलाबी दिसतात. गुलाबी म्हणजे व्हायरस नव्हे, छोट्या कंपन्यांच्या किंवा एकट्या माणसाने बनवलेल्या प्रोग्रॅमलाही सही नसते. पण 'लॉगऑन' टॅबमध्ये 'विनलॉगॉन' खाली 'शेल' किंवा 'युजरइनिट' यांत (लॉगिन होताना विंडोज स्वतः काय सुरू करतं ते सांगणाऱ्या नोंदी) विंडोजच्या स्वतःच्या फाइलखेरीज दुसरं काही जोडलेलं दिसलं, तर तिथे थांबा. विंडोज सिक्युरिटीतलं ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यात लॅपटॉप रीस्टार्ट होतो, नेहमीचं विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते आणि साधारण १५ मिनिटं जातात. ते होईपर्यंत या मशीनवरून बँकेचं किंवा ईमेलचं लॉगिन करू नका.

इथपर्यंतचा क्रम एकदा सांगते: रीस्टार्ट करा, प्रोसेस एक्सप्लोररमध्ये सुरू करणारा शोधा, ॲपच्या स्वतःच्या सेटिंगमधून बंद करा, नाही जमलं तर सापडलेल्या जागी एकच बदल करा, आणि पुन्हा रीस्टार्ट करून बघा. एका वेळी एकच बदल, यात सूट नाही.

इतकं करूनही कोण दोषी ते कळत नसेल, तर 'क्लीन बूट', म्हणजे बाहेरच्या सर्व्हिसेस आणि स्टार्टअप नोंदी बंद ठेवून विंडोज सुरू करणं. कमांड लिहायच्या 'रन' खिडकीत (वरच्या 'रन' कप्प्याशी तिचा संबंध नाही) रोमन लिपीत 'एमएसकॉन्फिग' लिहा, 'सर्व्हिसेस' टॅबमध्ये आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर खूण करा आणि मगच 'डिसेबल ऑल' दाबा. क्रम उलटा झाला तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेस बंद होतील आणि नवाच गोंधळ उभा राहील. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप नोंदीही बंद करा. रीस्टार्ट केल्यावर तक्रार गेली, तर निम्म्या सर्व्हिसेस चालू करा. तक्रार परत आली तर दोषी त्या निम्म्यांत, नाही आली तर उरलेल्यांत. असं निम्मं-निम्मं करत गेलात की यादी कितीही लांब असली तरी मोजक्या रीस्टार्टमध्ये एकाच नावावर पोचता. काम झालं की सगळं पूर्ववत करायला विसरू नका, अँटिव्हायरस तर सगळ्यात आधी.

तुम्ही ओघात लॅपटॉप सावकाश सुरू होतो असंही म्हटलंय. टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येक नोंदीपुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' असतो. 'हाय' म्हणजे त्या प्रोग्रॅमने सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कचं ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन वापरलं. हा आकडा एसएसडी असलेल्या आजच्या लॅपटॉपवर फार मोठा नाही. त्यामुळे 'हाय' लिहिलंय म्हणून टचपॅडचा, आवाजाचा किंवा फाइल्स क्लाउडवर ठेवणारा प्रोग्रॅम बंद करू नका. टचपॅडवरचे बोटांचे इशारे बंद पडतात आणि लोक महिनाभर हार्डवेअर बिघडलं म्हणून फिरतात. खरा उशीर कुठे होतो ते इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) सांगतो: 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स', 'ऑपरेशनल' असं उघडत जा. क्रमांक १०० च्या नोंदीत सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो, आणि १०१ च्या नोंदीत कुठल्या प्रोग्रॅमने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला त्याचं नाव.

घरात दुसऱ्या कुणाचं मॅक असेल, तर तिथे 'सिस्टम सेटिंग्ज', 'जनरल', 'लॉगिन आयटम्स' (नव्या मॅकओएसमध्ये 'लॉगिन आयटम्स अँड एक्स्टेन्शन्स') ही जागा. त्यात उघडणारी ॲप्स वेगळी आणि मागे चालणारी वेगळी दाखवलेली असतात. शट डाउन करताना येणारी 'पुन्हा लॉगिन झाल्यावर खिडक्या उघडा' ही खूण तिथे तुमच्या पहिल्या तक्रारीसारखाच घोळ करते. लिनक्सवर होम फोल्डरमधला 'कॉन्फिग'खालचा 'ऑटोस्टार्ट' फोल्डर आणि सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिसेस सुरू करणारी यंत्रणा) युजर सर्व्हिसेस, या दोन जागा आधी बघायच्या.

आता फॉरमॅट. तुमच्या चारपैकी एकाही तक्रारीला त्याची गरज दिसत नाही. फॉरमॅट केल्यावर तुम्ही तीच ॲप्स परत टाकणार, ती तशाच नोंदी करणार, आणि ढाल असलेला बॅकअपचा प्रोग्रॅम स्टार्टअप फोल्डरमधून तेव्हाही सुरू होणार नाही. फॉरमॅटचा विचार मी एकाच वेळी करेन: ऑफलाइन स्कॅनमध्ये काही सापडलं आणि काढल्यावरही परत आलं तर. तेव्हा तो करायलाच हवा, आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलायला हवेत.

आज निदान बॅकअपचा टास्क लावून घ्या, बाकीचं सवडीने केलंत तरी चालेल. चॅट ॲप तरीही उघडलं, तर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये ते कुणाच्या खाली दिसतंय, त्याची कमांड लाइन काय आहे आणि 'ऑटोस्टार्ट लोकेशन'मध्ये काय लिहिलंय, एवढं लिहून कळवा. कमांड लाइनमध्ये तुमच्या खात्याचं नाव असेल तर ते खोडून पाठवा.